सान्तियागोची पायवाट आणि भ्रमणध्वनि

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांत सान्तियागो दे कोम्पोस्तेला नांवाचें एक क्षेत्र आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं सेंट जेम्स याची समाधि तेथील मंदिरांत आहे अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा असून, मध्ययुगापासून यूरोपांतील यात्रेकरू तेथें पायीं जात आले आहेत. तिकडे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या हद्दींतील सँ-जाँ-प्ये-द-पोर या गांवापासून निघते, पहिल्याच दिवशीं पिरेनीज पर्वतावर चढते, आणि उत्तर स्पेनांतून सुमारें ७८० किलोमीटर पश्चिमेकडे जाऊन सान्तियागोस संपते. १९९३ सालीं युनेस्कोनें स्पेनांतील या मार्गाची गणना जागतिक वारशांत केली. २०२४ सालीं निरनिराळ्या वाटांनीं येऊन यात्रापूर्तीची नोंद करणाऱ्यांची संख्या पांच लाखांच्या अगदीं जवळ पोहोंचली. त्यांतील पुष्कळांस देवाधर्माशीं फारसें कर्तव्य नसतें. चालावेंसें वाटतें म्हणून ते चालतात.

आम्ही उभयतांनीं ही वाट २०२५ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत पुरी केली. ७ एप्रिलला निघालों, १८ मेला पोहोंचलों. एकंदर बेचाळीस दिवस. परत आल्यावर जो तो आम्हांला चालण्याविषयीं विचारील अशी आमची अपेक्षा होती. परंतु बहुतेक जण विचारतात तें मोबाईलविषयीं. तिकडे फोन लागत होता का, नकाशा दिसत होता का, घरच्यांशीं रोज बोलणें होत होतें का. तेथील मंदिरांचें व रंगीत कांचांच्या खिडक्यांचें वर्णन करणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. म्हणून तो विषय बाजूस ठेवून, ज्याची चौकशी होते त्या यंत्राविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हीं ठरविलें. या यंत्रास मराठींत 'भ्रमणध्वनि' असें भारदस्त नांव मिळालें, पण वृत्तपत्रें व सरकारी कागद सोडले तर तें कोणाच्या तोंडीं बसलें नाहीं. आम्हीहि मोबाईलच म्हणतों. तथापि पाठीवर सहा किलोंचें ओझें घेऊन दिवसाकांठीं अठरा-वीस किलोमीटर भ्रमण करीत असतां खिशांतून घरचा ध्वनि ऐकूं येऊं लागला, तेव्हां हें नांव देणाऱ्याचें आम्हांस कौतुक वाटलें.

प्रथम कार्डाविषयीं. आपलें भारतांतील कार्ड परदेशांत चालतें, परंतु त्याचा आकार दिवसावर पडतो. आठ दिवसांच्या सहलीला तें ठीक, बेचाळीस दिवसांना नव्हे. आम्हीं माद्रिदला उतरल्यावर तेथील कार्ड घेतलें. पारपत्र दाखविल्याखेरीज तें मिळत नाहीं, कारण आगाऊ पैसे भरलेल्या कार्डावरहि मालकाचें नांव नोंदविलें पाहिजे असा स्पेनचा कायदा आहे. १५ जून २०१७ पासून यूरोपीय संघांतील एका देशाचें कार्ड दुसऱ्या देशांत घरच्याच दरानें चालतें, म्हणून स्पेनचें कार्ड फ्रान्सच्या हद्दींतहि उपयोगी पडलें. आमच्या फोनांत दोन कार्डें बसतात. भारतांतील कार्ड आम्हीं काढून ठेवलें नाहीं, आणि वाचकांपैकीं कोणी जाणार असतील त्यांनींहि काढूं नये. बँकेचा सांकेतिक आंकडा त्याच क्रमांकावर येतो, आणि तो आला नाहीं तर आपलेच पैसे आपल्याला परके होतात. त्या कार्डावरचें इंटरनेट तेवढें बंद ठेवावें. विजेचा दाब तिकडेहि २३० व्होल्टच आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तेथें बसत नाहीं. दोन बारीक गोल पिनांचा चार्जर चालतो. पॉवर बँक विमानांत हातांतल्या पिशवींतच ठेवावी लागते.

नकाशाविषयीं आमच्या वयाच्या लोकांत एक गैरसमज आहे. नकाशावरचा निळा ठिपका इंटरनेटच्या जोरावर हलतो असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः आकाशांतील उपग्रह आपली वेळ व आपलें स्थान अखंड सांगत असतात. फोन तें नुसतें ऐकतो, आणि कोणाचा संदेश किती वेळानें पोहोंचला यावरून आपण कोठें आहों तें गणितानें काढतो. चार उपग्रह ऐकूं आले म्हणजे काम भागतें. यांत फोन कोणाला कांहीं कळवीत नाहीं, म्हणून पैसाहि पडत नाहीं. इंटरनेट लागतें तें नकाशाचें चित्र उतरवून घेण्यास. तें चित्र मुक्कामाच्या वाय-फायवर आधींच उतरवून ठेवलें, तर निर्जन पठारावर संकेताची एक रेघ नसतांनाहि ठिपका आपल्याबरोबर इमानानें चालतो. उलट जेथें संकेत अर्धामुर्धा येतो तेथें फोन मनोरा शोधण्याची धडपड करीत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. हें सर्व आमच्या धाकट्या पुतण्यानें पुण्याच्या घरीं चार संध्याकाळ बसून आम्हांस शिकविलें. छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिल्यावर बांकावर बसण्यांत एक निराळीच मौज आहे.

परंतु खरें सांगावयाचें तर या वाटेवर नकाशाची गरज क्वचित पडते. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, गोठ्याच्या भिंतीवर, पुलाच्या कठड्यावर पिवळे बाण रंगविलेले आहेत, आणि ते माणसाला बोट धरून नेतात. ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरील गांवाचे धर्मगुरु एलिआस व्हालिन्या यांनीं १९८४ च्या सुमारास रंगाचा डबा घेऊन हे बाण काढावयास आरंभ केला. त्या काळीं ही वाट जवळजवळ विस्मरणांत गेली होती. ते १९८९ सालीं वारले; त्यांचा अर्धपुतळा त्या गांवच्या चर्चजवळ आहे, तेथें आम्ही दहा मिनिटें उभे राहिलों. मोबाईलचा नकाशा पुष्कळदां जवळची म्हणून मोटाररस्त्याची वाट दाखवितो; बाण मात्र झाडाच्या सांवलीकडून व गांवच्या पाण्याच्या झऱ्याकडून नेतो. फोनांत डोळे घालून चालणारे तरुण बाण ओलांडून पुढें गेले कीं आम्ही वर्गांतल्या आवाजांत हांक मारीत असूं. तो आवाज सर्व देशांतल्या मुलांना समजतो असें दिसलें.

यात्रेकरूला तिकडे 'पेरेग्रिनो' म्हणतात. त्याच्या मूळ लॅटिन शब्दांत 'आगेर' म्हणजे शेत हा शब्द दडलेला आहे. परक्या शेतांतून आलेला तो पेरेग्रिनो. या 'आगेर'चा सख्खा भाऊ आपल्या वैदिक भाषेंत 'अज्र' या रूपानें भेटतो, आणि त्याचाहि अर्थ शेत, मैदान असाच आहे. बुर्गोस शहराच्या पुढें गव्हाचीं हिरवीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं पाहतांना हें नातें आठवलें, आणि आपण फार लांब आलों आहों असें वाटेना.

शाकाहारी माणसाला मात्र लांब आल्याची आठवण रोज दोन वेळां होते. तेथील खानावळींत 'बेखेताल' नांवाचा पाव मिळतो. फोननें त्याचें भाषांतर 'भाज्यांचा' असें केलें. सौ.नीं खाण्यापूर्वीं पाव उघडून पाहिला, तों आंत कोशिंबिरीच्या पाल्याखालीं उकडलेलें अंडें आणि ट्यूना मासा. खानावळीच्या बाईचा समज असा कीं, मांस नाहीं म्हणजे भाजीच झाली. मसुरीच्या आमटींतहि बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. त्या दिवशींच सौ.नीं मांस, मासे, अंडें व चरबी हीं चारहि नकोत असें वाक्य भाषांतर करवून फोनांत कायमचें ठेवलें, आणि तो पडदा त्या न बोलतां पुढें करूं लागल्या. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, बटाटे व फळें यांवर आमचे बेचाळीस दिवस बरे गेले. फोननें केलेल्या उपकारांत हा मोठा.

मुक्काम 'आल्बेर्गे' म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेंत. नगरपालिकेच्या धर्मशाळा आगाऊ जागा राखून ठेवीत नाहींत. जो आधीं येईल त्याला खाट. खाजगी धर्मशाळा मात्र फोनवरून जागा राखतात, आणि त्यामुळें दुपारीं जेवणाच्या वेळीं जिकडेतिकडे उद्यांच्या खाटेचीं बोलणीं ऐकूं येतात. आम्हांला हें आवडलें नाहीं. पण गुडघे साठीच्या पुढचे असले म्हणजे आवडनिवड थोडी मुरडावी लागते. दर दोन-तीन दिवसांनीं आम्हीहि जागा राखीत होतों. रात्रीं दहाला दिवे मालवितात. जुन्या इमारतींत वीस खाटांना दोन-तीन प्लग असतात, आणि त्यांच्याभोंवतीं संध्याकाळीं पाणवठ्यासारखी गर्दी होते. फोन तेथें लावून झोंपीं जाणें शहाणपणाचें नव्हे. पहांटे चारला कोणाचा तरी गजर वाजतो, तो ज्याचा असतो त्याखेरीज सर्वांना ऐकूं येतो.

आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या दिंडींत शेजारचा माणूस बहुधा आपल्याच गांवचा किंवा पंचक्रोशींतला असतो. घरचा निरोप तोंडोतोंडीं पोहोंचतो. येथें सकाळीं भेटलेला माणूस कोरियाचा, तर दुपारचा ब्राझिलचा. म्हणून घर जोडून ठेवण्याचें काम सर्वस्वीं या खिशांतल्या यंत्राकडे येतें. आमचें घर एकत्र. मातोश्री एकुणनव्वद वर्षांच्या, दोघे भाऊ, भावजया, सून, पुतणे. स्पेनचें घड्याळ उन्हाळ्यांत आपल्या साडेतीन तास मागें असतें. तेव्हां आपले पांच, म्हणजे तिकडचे दीड वाजतां, मातोश्रींची विश्रांति झाल्यावर रोज बोलावयाचें असा करार निघण्यापूर्वींच झाला होता.

पहिल्या आठवड्यांत हें फार गोड वाटलें. पिरेनीजच्या माथ्यावरून आम्हीं मातोश्रींना मेंढ्यांच्या गळ्यांतल्या घंटा ऐकविल्या. पुढें हळूहळू संवादाचें रूप पालटलें, आणि करारांतली वेळहि राहिली नाहीं. लोणच्याची मोठी बरणी कोठें आहे? कुळथाचें पीठ संपलें, कोणाकडून आणावयाचें? त्यांत चैत्र महिना. ३० एप्रिलला अक्षय्यतृतीया होती. त्यापूर्वीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू व्हावयाचें. बायका किती बोलवाव्या, कैरीची डाळ किती भिजवावी, गौरीचा पितळी पाळणा माळ्यावर कोणत्या पेटींत आहे! प्रश्न सर्व सौ.ना. फोन वाजला कीं त्या वाटेच्या कडेला दगडावर बसत, बरणी सांपडेपर्यंत बोलत. आणि फोन ठेवल्यावर पुण्याच्या स्वयंपाकघरांतून परत येण्यास त्यांना पुढचे दोन किलोमीटर लागत. त्यांनीं एका शब्दानें तक्रार केली नाहीं.

२८ एप्रिलच्या सकाळीं आम्हीं कारिओन दे लोस कोन्देस हें गांव सोडलें. पुढचें गांव काल्सादिया दे ला क्वेसा सतरा किलोमीटरवर. मध्यें वस्ती नाहीं. जुन्या रोमन रस्त्याची सरळ रेघ, दोहों बाजूंस शेतें, आणि डोक्यावर सगळें आकाश. गांव शेवटपर्यंत दिसत नाहीं, कारण तें खोलगट जागीं आहे. एकच्या सुमारास तेथें उतरलों तों खानावळ अंधारी, आणि दारांत सात-आठ यात्रेकरू फोन वर धरून उभे.

त्या दिवशीं दुपारीं १२ वाजून ३३ मिनिटांनीं स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही देशांच्या मुख्य भूमीवरील वीज एकाएकीं गेली. पांच सेकंदांत, त्या वेळच्या मागणीच्या सुमारें साठ टक्के वीज नाहींशी झाली असें स्पेनच्या सरकारनें सांगितलें. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, शहरांतले रस्त्यांवरचे दिवे गेले, पैसे घेणारीं यंत्रें बंद पडलीं. मोबाईलच्या मनोऱ्यांना बॅटऱ्या असतात, पण त्या कांहीं तासच पुरतात, आणि सर्व देश एकाच वेळीं फोन लावूं लागला म्हणजे तितकाहि वेळ उपयोग होत नाहीं. आमच्या फोनवर एक रेघ कशीबशी तग धरून होती. दीडच्या सुमारास, ऐन कराराच्या वेळीं, तीहि गेली.

पुण्यांत त्या वेळीं काय चाललें होतें तें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. टीव्हीवर स्पेनची बातमी, पांचाचा फोन नाहीं, पुतण्यानें लावलेले तीसपस्तीस फोन व्यर्थ. रात्रीं भावानें दूतावासाचा क्रमांक शोधून काढण्यापर्यंत मजल गेली होती.

इकडे गांवांत फारशी गडबड नव्हती. खानावळीच्या बाईनें गॅसच्या शेगडीवर बटाटे टाकले आणि हिशेब वहींत लिहावयास घेतला. ज्यांच्याकडे रोख युरो होते त्यांनीं दिले. नव्हते त्यांचीं नांवें तिनें उधारींत मांडलीं. एका कोरियन मुलीला रडूं कोसळलें होतें. तिच्या पुढच्या सर्व मुक्कामांचीं नांवें फोनांत, पण तीं इंटरनेटवर ठेवलेलीं, फोनांत उतरविलेलीं नव्हेत. सौ.च्या पिशवींत एक शंभर पानी वही होती. तींत निघण्यापूर्वीं त्यांनीं सर्व गांवें व अंतरें देवनागरींत उतरून काढलीं होतीं. त्या एकेक नांव मोठ्यानें वाचीत गेल्या आणि ती मुलगी तें आपल्या लिपींत लिहीत गेली. लेओनपर्यंतचीं गांवें झाल्यावर तिनें डोळे पुसून आमच्याबरोबर बटाटे खाल्ले. फोनहि अगदीं निरुपयोगी नव्हता. रात्रीं शौचकूपाकडे जाणाऱ्या सर्वांनीं त्याचाच दिवा वापरला.

संध्याकाळीं गांवाबाहेर एका कट्ट्यावर बसलों होतों. ऊन लांबलें होतें. बराच वेळ गेल्यावर सौ. म्हणाल्या, "आज मला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. लग्न झाल्यापासूनचा असा हा पहिला दिवस."

आम्हीं म्हटलें, "घरची काळजी नाहीं वाटत?"

"आईंची वाटते," त्या म्हणाल्या. "बरणीची नाहीं वाटत."

यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. लग्नाला एकेचाळीस वर्षें झालीं होतीं.

मध्यरात्रीं केव्हां तरी शीतकपाट घुरघुरूं लागलें, त्यावरून वीज आल्याचें समजलें. पहांटे पावणेसहाला फोनवर रेघा आल्या. पुण्यांत सव्वानऊ झाले होते. फोन लागतांच एकाच वेळीं पांच जण बोलूं लागले. मग मातोश्रींनीं तो मागून घेतला. त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही चालायला गेलां आहां, चालत असाल हें मला ठाऊक होतें. तुझे वडील काशीस गेले तेव्हां त्यांचें प्रयागचें पत्र ते परत आल्यावर आठ दिवसांनीं आलें. तोंवर काय मी जेवलें नाहीं? तिला दे फोन."

सौ. त्यांच्याशीं हळू आवाजांत थोडें बोलल्या, आणि नंतर धाकट्या जाऊबाईंना म्हणाल्या, "हळदीकुंकू तूं करशील तसें होऊं दे. बायका तूंच ठरव, डाळहि तूंच ठरव. मी आतां दर तिसऱ्या दिवशीं फोन करीन, आईंशीं बोलायला." पलीकडे क्षणभर कोणी बोललें नाहीं. जाऊबाईंना तें लागलें असावें. त्यांचा पुढचा निरोप दोन शब्दांचा होता. अक्षय्यतृतीयेला मात्र हळदीकुंकवाचीं छायाचित्रें आलीं. गौरीचा पाळणा नेहमींच्या कोपऱ्यांत नव्हता. खिडकीजवळ मांडला होता, आणि आरास चढत्या पायऱ्यांची न करतां गोलाकार केली होती. सौ.नीं तें चित्र बोटांनीं मोठें करून बराच वेळ पाहिलें. "खिडकीजवळ उजेड चांगला येतो," एवढेंच त्या म्हणाल्या.

यावरून फोन घरीं ठेवून जावें असें कोणी समजूं नये. यूरोपीय संघांतील सर्व देशांत संकटकाळचा क्रमांक ११२ हा एकच आहे. स्पेनच्या गृहखात्याचें 'अलर्टकॉप्स' नांवाचें साधन फोनांत घेतलें असतां आपण आहों तें ठिकाण पोलिसांना कळवितां येतें. एकट्या जाणाऱ्या मुलींनीं तर तें अवश्य घ्यावें. आमचा फोन त्यानंतर पिशवीच्या तळाशीं, सुक्या कपड्यांत गुंडाळलेला असे. मुक्कामीं पोहोंचल्यावर तो बाहेर येई. रोजच्या खर्चाचे युरो निराळ्या पाकिटांत, हीहि व्यवस्था तेव्हांपासून सुरू झाली.

सारिया गांवापासून वाटेचें रूप बदलतें. यात्रापूर्तीच्या प्रमाणपत्रासाठीं निदान शंभर किलोमीटर पायीं चालावें लागतें, आणि हें गांव त्या हिशेबाला सोयीचें पडतें. म्हणून तेथून गर्दी एकदम वाढते. या शेवटच्या टप्प्यांत यात्रेच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. वाटेवर गाणीं लावलेले फोन, चित्रें काढणारे फोन, लांब काठीला बांधलेले फोन दिसूं लागतात. मेसेतेच्या पठारावर ज्यानें दोन आठवडे चंडोलाचा आवाज ऐकला आहे त्याला हा भाग थोडा कठीण जातो.

सान्तियागोच्या यात्रा-कार्यालयांत नांवाची नोंद आतां आपल्याच मोबाईलवर करावी लागते. नोंद झाल्यावर क्रमांक मिळतो, मग खिडकीशीं बसलेली व्यक्ति आपले शिक्के एकेक करून तपासते, आणि लॅटिन भाषेंतील प्रमाणपत्र देते. त्यांत यात्रेकरूचें नांवहि शक्य असेल तर लॅटिन रूपांत लिहितात. आमच्या नांवांना लॅटिन रूप सांपडेना. आम्हीं संस्कृतांतून एखादें जवळचें रूप सुचवावें असा विचार केला होता, परंतु मागें रांग मोठी होती. नांवें आहेत तशींच लिहिलीं गेलीं, एका अक्षराच्या चुकीसह.

बाहेर मंदिरासमोरच्या चौकांत लोक बूट काढून दगडी फरशीवर बसले होते, आम्हीहि बसलों. त्या दिवशीं फोनचा वार नव्हता. तरी सौ.नीं पिशवीच्या तळांतून फोन काढून पुण्यास लावला. तो धाकट्या जाऊबाईंनीं घेतला, आणि पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या. कशाविषयीं, तें आम्हीं विचारलें नाहीं.